व्हॉन फ्रे फिलामेंटची पेटी: जबड्याच्या सांध्याच्या कामाला कितपत पुरते?

वीस हँडलं, प्रत्येकाच्या टोकाला काटकोनात बसवलेला नायलॉनचा धागा, 0.008 ग्रॅमपासून 300 ग्रॅमपर्यंत. पेटीत इतकंच असतं. धागा रॅटच्या कातडीवर वाकेपर्यंत टेकवायचा आणि किती बळाला तो मान झटकतो (हा त्याचा उंबरठा) ते बघायचं. त्यामुळे किंमत ऐकल्यावर ‘धाग्यांना एवढे?’ हे पुणेकराच्या तोंडून निघणारच. पैसे धाग्याचे नाहीत, तो ठरल्या बळाला वाकेल या हमीचे आहेत. एकदा वाकला की आणखी रेटलं तरी बळ फारसं वाढत नाही. आणि नेमकी ही हमी जुलैत पुण्यात डळमळते.

नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि मऊ पडतं. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी ताठ असलेला धागा पावसाळ्यात छापील आकड्याच्या आतच वाकतो. रॅटच्या जबड्याच्या सांध्यात सीएफए (सूज आणणारं मिश्रण) टोचण्याआधीचं माप मे महिन्यात आणि औषध दिल्यानंतरचं जुलैत घेतलं, तर उंबरठा वर गेलेला दिसतो आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात धागा लेचापेचा झालेला असतो. सलाइनचा (नुसतं मिठाचं पाणी दिलेला) गट त्याच दिवशी, त्याच पेटीने मोजला तरच ही लबाडी पकडता येते. प्राणिगृहात आर्द्रता नियंत्रित असते खरी, पण पेटी बाहेरच्या कपाटात पडून असेल तर काय उपयोग? ती आदल्या दिवशीच आत नेऊन ठेवावी.

तपासणी सोपी आहे. तराजूचं फक्त वरचं दार उघडायचं, पंखा बंद करायचा, धागा सरळ उभा धरून वाकेपर्यंत दाबायचा आणि सर्वांत मोठा आकडा टिपायचा. असं पाच वेळा करून सरासरी काढायची. धागा तिरका धरला तर आकडा हमखास कमी येतो.

हँडलवरचा 4.31 हा आकडा ग्रॅम नव्हे, बळाचा लॉगरिदम आहे. ते 2 ग्रॅमचं हँडल. नवशिके इथेच फसतात. अप-डाउन पद्धतीचं (मान झटकली की पुढचा धागा हलका, नाही झटकली की जड) सूत्र वापरायचं तर 3.61, 3.84, 4.08, 4.31, 4.56, 4.74, 4.93, 5.18 ही आठच हँडलं घ्यावीत. मधली 4.17 आणि 5.07 घातली तर पायऱ्या असमान होतात आणि सूत्रातला 0.224 हा सरासरी टप्पा लागू पडत नाही.

जागा डोळा आणि कान यांच्या मधे, गालाच्या हाडाच्या कमानीच्या मागच्या टोकाशी. तिथले केस आदल्या दिवशी कापावेत. धागा मिश्यांना लागला तर रॅट दुखण्याने नव्हे, स्पर्शाने मान झटकतो आणि नोंद वाया जाते. हाताळण्याची सवय तीन-चार दिवस आधी लावावी, नाहीतर घाबरलेला प्राणी कशालाही मान वळवतो. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. मोजणारी व्यक्तीही बदलू नये: पुरुषाच्या नुसत्या वासाने उंदरांची वेदना दबते, हे 2014 मध्ये दाखवलं गेलं आहे. (प्रयोगशाळेत कुणाचा टी-शर्ट खुर्चीवर लटकलाय, हेही बघावं लागतं!)

पेटीची खरी मर्यादा वेगळी आहे. ती कातडीची संवेदनशीलता मोजते. माणसाचा सांधा दुखतो तो भाकरीचा तुकडा चावताना, जांभई देताना. त्यामुळे फक्त हिच्यावर प्रबंध उभा करू नये. सांधा सुजलेला रॅट एक जेवण संपवायला जास्त वेळ घेतो. तो मुख्यतः रात्री खातो, म्हणून पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळणारा इन्फ्रारेड सीसीटीव्ही कॅमेरा पिंजऱ्यासमोर लावून जेवणाचा कालावधी मोजता येतो. माणूस जवळ नसल्याने हे माप जास्त विश्वासाचं. जोडीला ग्रिमेस स्केल, म्हणजे चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी, वापरता येते: डोळे आवळणं, नाक-गाल सपाट होणं, कान, मिश्या, प्रत्येकी 0 ते 2 गुण. मात्र हे गुण लवकर घसरतात, उंबरठा खालीच राहतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या अर्जात ही तिन्ही मापं आधीच लिहावीत, नंतर घुसवणं त्रासाचं जातं.

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीडपैकी अर्धा तारा पेटीसोबत आर्द्रतेबद्दल एक ओळही न देण्याबद्दल. सुटी हँडलं मिळत असतील तर वरची आठ आणि शेजारची दोन-चार घेतली तरी पुरे. 60 ग्रॅमच्या पुढची हँडलं दुखणं मोजत नाहीत, रॅटचं डोकंच ढकलतात.