बडोद्यातली वाद्यांची दुकानं : गोड बोलणारी आणि कामाची

पेटी घ्यायचीय, तबला घ्यायचाय, बडोद्यात कुठलं दुकान चांगलं, हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैमध्ये येतोच येतो. शाळा सुरू, क्लास सुरू, गुरुपौर्णिमा तोंडावर, आणि आया लोकांची धावपळ. प्रत्येकीला वेगळा व्हॉट्सअॅप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. दुकानांची नावं घेणार नाहीये, मला त्याच रस्त्यांवरून रोज जायचं असतं. दुकानदार किती गोड बोलतो याचे माझ्याकडे शून्य मार्क. तो पहिला प्रश्न काय विचारतो आणि पावसाळा संपल्यावर तुम्हाला ओळखतो का, एवढंच मी बघते.

तर आधी शोरूम. एसी, लख्ख लाइट, भिंतीवर ओळीने गिटारी, आत शिरल्या शिरल्या युनिफॉर्ममधला पोरगा "वेलकम मॅम" करत येतो, पाणी विचारतो, खुर्ची देतो, सगळं छान. मग पहिला प्रश्न, "मॅम, बजेट काय आहे?" अरे बाबा बजेट सांगते ना, पण आधी विचार की तबला कुणाला पाहिजे, गाण्याबरोबर वाजवायचाय की सोलो शिकायचाय, गाणारा कुठल्या पट्टीत गातो. आमच्या घरात मुलगी काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गाते आणि मुलाला तिच्याबरोबर वाजवायचंय, तर मी म्हटलं काळी पाचचा तबला दाखवा. त्यावर उत्तर, "मॅम हा घ्या, ट्यून होतो, कुठल्याही स्केलला चालेल." नाही चालत हो! तबल्याचं तोंड मोठं असलं की तो ढाला, म्हणजे खालच्या सुरात, बोलतो, लहान असलं की टीपेला, म्हणजे वरच्या सुरात, जातो. थोडंफार वरखाली बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून, वरच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडी मारून होतं, पण काळी एकचा तबला ओढून ताणून कुठेही नेता येत नाही. फार चढवला तर पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटते आणि फार उतरवला तर नुसता ठप ठप वाजतो, त्याला आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, राहतच नाही. हे त्या पोराला कोणी शिकवलेलंच नाही, त्याला ईएमआय कसा करायचा ते शिकवलंय. त्याची चूक नाही, मालकाची आहे.

तिथेच एक पेटी वाजवून बघितली. दिसायला अप्रतिम, पॉलिश असं की तोंड दिसावं. विचारलं सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, कुठले आहेत, पालितान्याचे का? तो म्हणाला "मॅम सूर सगळे आहेत, सा रे ग म." आता हसावं की रडावं. पालिताना आपल्याच गुजरातमध्ये, भावनगर जिल्ह्यात, तिथल्या पितळी सुरांचं नाव देशभर पेटीवाले घेतात आणि बडोद्यातल्या दुकानात हे. सुरांची जोडी खर्ज-नर (खालचा आणि मधला) आहे की नर-मादी (मधला आणि वरचा), तेही माहीत नाही. भाता दाबून धरला आणि एकही पट्टी न दाबता हवा सोडली तर एक सूर आपोआप किंचित वाजत होता, म्हणजे पट्टीखालची गादी नीट बसलेली नाही. मी दाखवलं तर म्हणाला, "नवीन आहे ना मॅम, वाजवून वाजवून सेट होईल." नवीन पेटीत हा दोष चालवून घेऊ नका, परत ठेवा आणि दुसरी मागा. पेटी घ्यायला जाल तेव्हा ही हवा सोडायची टेस्ट कराच, एक मिनिट लागतं आणि फुकट आहे.

पण थांबा, शोरूमला नुसती शिवी देऊन चालणार नाही. गिटार आणि कीबोर्डच्या बाबतीत हीच मंडळी जुन्यांपेक्षा कितीतरी पुढे आहेत. भाच्याला गिटार घ्यायला गेलो होतो, तिथे एक मुलगी होती काउंटरवर, स्वतः वाजवणारी. तिने त्याचा हात बघितला, दोन साइझ त्याच्या मांडीवर ठेवून दाखवल्या, तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच आहेत, पोराची बोटं दुखतील आणि तो महिन्यात सोडून देईल असं स्वतःहून म्हणाली आणि मागच्या टेबलावर नेऊन अॅलन की घालून ट्रस रॉड सेट केला, ब्रिजवरची पट्टी घासून कमी केली, एक पैसा जास्त घेतला नाही. आणि मुख्य म्हणजे पोराला अर्धा तास बसून वाजवू दिलं, कोणी डोळे वटारले नाहीत. अशी माणसं ठेवायची तर पगार चांगला द्यावा लागतो, बहुतेक तिथेच घोडं पेंड खातं, कारण पुढच्या वेळी गेले तर ती मुलगी नव्हती.

आता जुनी दुकानं. आमच्या पिढीतले सगळे उसासे टाकतात की तेव्हाची सर्व्हिस काय होती, काय ते कारागीर. मी बाबांबरोबर जायची सिटीत, म्हणजे बडोद्याच्या जुन्या भागात, त्यामुळे मला आठवतंय की सर्व्हिस म्हणजे काय होती. गादीवर बसलेले काका चष्म्यावरून बघायचे, "गुरुजी कोण?" हा पहिला प्रश्न. गुरुजींचं नाव सांगितलं तर ठीक, नाहीतर "आधी शिकायला लागा मग या." मुलांनी वाद्याला हात लावायचा नाही. किंमत लिहिलेली नाही, तुम्ही कोण आहात ते बघून किंमत, आणि गुरुजींचं कमिशन त्यात धरलेलं, हे सगळ्यांना माहीत आणि कोणी बोलायचं नाही. आईने एकदा पेटीवर जरा बोटं फिरवली तर काकांनी बाबांकडे बघून विचारलं, "कोण वाजवणार, तुम्ही का?" आई वाजवायची, बाबांना सा कुठला तेही कळायचं नाही. दुरुस्तीला दिलं की "उद्या या", उद्या गेलं की "कारीगर गाम गयो छे", कारागीर गावाला गेलाय. त्यामुळे तो सुवर्णकाळ वगैरे मी काही म्हणणार नाही.

फक्त एक गोष्ट होती. त्या काकांनी बाबांना एकदा चक्क माल विकायला नकार दिला. बाबांनी एक चकचकीत पेटी पसंत केली होती, काका म्हणाले ही नको, हिच्यातले सूर चांगले नाहीत, पावसाळ्यात रडाल, थांबा, पुढच्या महिन्यात दुसरी येतेय. आणि खरंच थांबवलं. सूर लावायला बसले की एक एक सूर काढून कानाशी लावायचे, टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, मुळाशी फिरवली की उतरतो, एवढी बारीक पट्टी आणि त्यावर एवढीशी कानस, आणि मध्येच वाजवून बघायचे, गांधार खटकला की तोंड वाकडं करायचे. आज मोबाइलवर ट्यूनर अॅप लावून काटा मध्ये आला की झालं. पेटी तशीही सारख्या अंतरावर लावलेल्या सुरांची, गांधार चढाच असतो, अॅपने काही बिघडत नाही म्हणा, पण कान असलेला माणूस दोन सूर एकत्र वाजवून बघतो, अॅपवाला बघत नाही.

हे कान आले कुठून? तर गिऱ्हाइकाकडून, असं मला वाटतं. या गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करवली, सर्वसामान्यांच्या मुलांसाठी. दरबारचा कलावंत कारखाना, म्हणजे गायक-वादकांचं खातं, होता, पुढे गायक फैयाज खांसाहेब इथेच होते. त्या शाळेचंच पुढे युनिव्हर्सिटीचं परफॉर्मिंग आर्ट्स झालं, सूरसागर तलावासमोर. दुकानात येणारा माणूस दुकानदारापेक्षा जास्त जाणकार असायचा, वाईट वाद्य दिलं तर चार लोकांत परत आणून आपटायचा. दुकानदाराला शिकावंच लागायचं. आता आपण आया-बाबा जातो यूट्यूब बघून, आणि ऑफर किती विचारतो, तर दुकानदारही ऑफरच शिकणार ना.

ऑनलाइनचं पण सांगते, कारण निम्मे लोक तिकडेच जातात. दिरांनी तबला-डग्ग्याची जोडी मागवली, डग्ग्याला पोचा आलेला होता. फोटो पाठवला, काही वाद नाही, दुसरी जोडी घरपोच, पहिली उचलून नेली. ही सर्व्हिस सिटीतल्या कुठल्याही काकांनी जन्मात दिली नसती, खरं ते खरं. पण आलेली दुसरी जोडी बेसूर. दिर ती घेऊन एका दुकानात गेले तर "जिथून घेतला तिथेच जा." मला हे अजिबात पटत नाही. दोनशे रुपये जास्त घे, दोन शब्द ऐकव, पण गिऱ्हाईक वाद्य घेऊन दारात आलंय त्याला परत पाठवू नको, तोच माणूस पुढची पेटी तुझ्याकडून घेणार आहे. ऑनलाइन कंपनी काही तुझ्या गल्लीत येऊन तबल्याची चामड्याची वादी ओढणार नाहीये.

शेवटी ते काम ज्या दुकानात झालं, ते माझं सध्याचं आवडतं दुकान. दुकान कसलं, सिटीतल्या एका पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, एका खोलीचा कारखाना आहे, वडील गेले, मुलगा चालवतो. गाडी लांब लावून चालत जावं लागतं, बसायला एकच स्टूल. आत शिरलं की "बेन, पहेला सूर तो कहो." मला सूर माहीत होता, पण माझ्यासमोर एक बाई आल्या त्यांना माहीत नव्हता, तर त्याने त्यांना सांगितलं घरी जाऊन मुलीला सहज जे येतं ते गायला सांगा, आणि मला व्हॉईस मेसेज पाठवा, मग मी तबला काढून ठेवतो. मला हे फारच आवडलं. तबल्याची पुडी बदलताना जुनी पुडी परत दाखवतो, शाई, म्हणजे मधला काळा गोल, कुठे उडालीय, किनार कुठे सैल आहे. नवीन पुडी घातली की सांगतो आठ दिवस वाजवा आणि परत आणा, चामडं ताणलं जातं, सूर उतरणारच, त्याचे पैसे घेत नाही. पेटी लावून झाली की आत लाकडावर पेन्सिलने तारीख टाकतो. शिसमचा तबला आणि साध्या लाकडाचा तबला यातला फरक हातात देऊन वजनाने समजावतो, आणि शिकाऊ मुलाला महागडा घेऊ नका असंही सांगतो.

तक्रार? आहे ना. वेळ! मंगळवार म्हणजे शनिवार. मेसेज बघतो, निळी खूण येते, उत्तर नाही. आणि बिलाच्या बाबतीत जरा ढिला, मागितल्याशिवाय देत नाही. बिल मागाच, आणि शोरूममधून घेत असाल तर त्यावर टॅक्स काय लावलाय तेही वाचा, तबला-तानपुऱ्यासारखी हातानं घडवलेली देशी वाद्यं जीएसटीतून वगळलेली आहेत, तरी काही ठिकाणी सरसकट लावून मोकळे होतात.

तानपुऱ्याची गोष्ट वेगळी आणि जरा वाईट. बंगळुरूच्या राडेल कंपनीने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, आता तर मोबाइलमध्येच आहे सगळं, त्यामुळे खरा तानपुरा घेणारे उरलेत किती. शोरूममध्ये एक ठेवलेला असतो, शोभेला, तारा गंजलेल्या. त्या पोराला मी विचारलं जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, कोण काढून देईल, तर त्याने मला जवारीचा पत्ता विचारला. घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, तार बसून बसून खाच पडते, मग तो घुमारा जातो, तेव्हा घोडी नव्याने घासायला जाणता हात लागतो, मध्ये दोरा सरकवून काही होत नाही. पोळातल्या भाईने पण प्रामाणिकपणे हात जोडले, म्हणाला मी करतो पण मिरजेवाल्यांसारखी नाही होणार. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं, भोपळ्यापासून खुंटीपर्यंत सगळं तिथे एका गल्लीत होतं. म्हणजे तानपुरा घ्यायचा तर सरळ मिरजेला जाऊन स्वतः बघून घ्या, आणि भोपळा जपून, ट्रान्सपोर्टने पाठवाल तर पॅकिंग स्वतः उभं राहून करून घ्या. बडोद्यात तानपुऱ्यासाठी कुठल्याच दुकानाला मी पास करणार नाही.

मार्क द्यायचेच तर शोरूमला गिटार-कीबोर्डसाठी पाचात चार, पेटी-तबल्यासाठी एक, तोही पाण्याच्या बाटलीचा. पोळातल्या भाईला साडेचार, अर्धा कापला त्या मंगळवारचा. ऑनलाइनला परत घेण्यासाठी पाच आणि पुढच्या सगळ्यासाठी शून्य.

आणि हो, कधी जायचं ते. गणपतीच्या आधी ढोल-ताशाची गर्दी, आणि ती संपते न संपते तोच नवरात्र. या गावात गरब्याच्या आधी वाद्यवाल्याला मरायला वेळ नसतो, ढोल-ढोलक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, तेव्हा तुमच्या पोराच्या तबल्याकडे कोणी बघणार नाही आणि बघितलं तरी घाईत करणार. पावसाळी हवेत चामडं तसंही सैल असतं, तेव्हा चढवून घेतलेला तबला हवा सुकली की आणखी चढतो. दसरा होऊ द्या, मग जा. सकाळी अकराच्या आत गेलात तर स्टूल मिळेल.