मोपाच्या नोकरीचं आमिष आणि ऐंशी हजारांचा डिप्लोमा

गोव्यातल्या मोपा विमानतळासाठी जमिनी गेल्या तेव्हापासून आमच्या पेडण्यात एकच विषय निघतो: आमच्या पोरांना तिथे नोकऱ्या मिळणार की नाही? जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमानं उडायला लागली आणि म्हापशाच्या बाजारात 'ट्रॅव्हल, टुरिझम आणि एव्हिएशन'च्या पाट्या दिसायला लागल्या. त्यातल्याच एका संस्थेत मी बारावीनंतर ऐंशी हजार रुपये भरले. निम्मे बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून दिले. संस्थेचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, शिवाय नाव बदलायला त्यांना वेळ लागत नाही.

प्रवेशाच्या दिवशी मॅडमनी मला नाही, बाबांना गाठलं. "विमानतळ तुमच्या दारात आलाय हो. आता बाहेरचे येऊन नोकऱ्या घेणार आणि आपली मुलं नुसती बघत बसणार?" पेडण्याच्या माणसाला याहून वेगळं काही सांगावं लागत नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमा दाखवल्या. एक आयएसओ ९००१, एक 'उद्यम' नोंदणी, एक दुकानाचा परवाना. म्हणे, आम्ही सरकारमान्य.

गंमत अशी की ते तिन्ही कागद खरे होते. पण आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे. अभ्यासक्रमाला मान्यता आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि ते आयएसओ स्वतः देतही नाही, बाहेरच्या खाजगी कंपन्या देतात. उद्यम नोंदणी कुठलाही छोटा धंदेवाला ऑनलाइन फुकटात करू शकतो. दुकानाचा परवाना म्हणजे तर दुकानाचा परवाना. डिप्लोमाला कोणाची मान्यता आहे, हे सांगणारा एकही कागद त्या भिंतीवर नव्हता.

खोटं होतं ते सगळं तोंडी. लेखी बघावं तर 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं फॉर्मवर 'प्लेसमेंट सहाय्य' झालं होतं आणि पावतीवर डिप्लोमा हा शब्दच नव्हता. 'कौशल्य कार्यशाळा शुल्क, परत मिळणार नाही' एवढंच.

वर्गात तिकीट बुकिंग शिकवायचे. ट्रॅव्हल एजंट ज्यावर काम करतात त्या अमेडियस, गॅलिलिओ या सिस्टिम. त्या हाताला बसायला स्क्रीन समोर लागते. आम्हाला मिळाल्या झेरॉक्स. सर फळ्यावर लिहायचे: एएन, मग तारीख, मग दोन विमानतळांचे कोड, की फ्लाइट दिसतात. दिसायची कुठे, फळ्यावर? त्या नोट्समध्ये गोव्याचा कोड सगळीकडे जीओआय. तो दाबोळीचा. मोपाचा जीओएक्स आहे, हे सरांना वर्गातल्या एका मुलाने सांगितलं. त्याचा भाऊ टॅक्सी चालवतो आणि प्रवाशांच्या बॅगांवरचे टॅग रोज बघतो. मोपाच्या नावावर फी घेणाऱ्यांना मोपाचा कोड माहीत नव्हता!

डिसेंबरात 'इंटर्नशिप' म्हणून कळंगुटला एका टपरीवजा काउंटरवर उभं केलं. सकाळपासून रात्रीपर्यंत डॉल्फिन ट्रिप आणि रिव्हर क्रूझची तिकिटं विकायची. पगार नाही, कमिशन कोणाच्या खिशात गेलं ते देव जाणे. गोव्यात असा धंदा करणाऱ्याची १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. त्या काउंटरवर नोंदणीचा कागद मला कधी दिसला नाही. तरी खरं सांगायचं तर वर्षभरात जे काय शिकले ते तिथेच. रशियन गिऱ्हाईक कधी घासाघीस करतं आणि कधी सरळ निघून जातं, हे झेरॉक्समध्ये नसतं.

शेवटी 'सिलेक्शन' झाल्याचं पत्र आलं, जीमेलवरून, आणि सोबत मागणी: एअरपोर्ट पाससाठी बारा हजार. ते भरल्यावर आठवडे गेले, पासचा पत्ता नाही. आमच्या वाड्यावरची एक ताई विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे, तिला विचारलं. ती हसलीच. विमानतळाच्या आतला पास नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार मिळतो. त्यासाठी अर्ज नोकरी देणारी कंपनी करते आणि पोलीस पडताळणी होते. क्लासवाल्याला तो काढताच येत नाही. पासचे, युनिफॉर्मचे, 'सिक्युरिटी डिपॉझिट'चे पैसे कोणी मागितले की तिथेच थांबा.

याच क्षेत्रात यायचं असेल तर विचारायचं काय, ते आता मला पाठ आहे. आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. 'आयाटा पॅटर्न' असं कोणी म्हणालं की आयाटाच्या वेबसाइटवर अधिकृत प्रशिक्षण केंद्रांची यादी असते, तीत नाव शोधा. आयाटाचा डिप्लोमा असेल तर प्रमाणपत्र आयाटाचं येतं, क्लासच्या लेटरहेडवर नाही. पदवी म्हणाले तर विद्यापीठ कुठलं ते विचारा आणि यूजीसीच्या यादीत बघा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची आयआयटीटीएम ही संस्था ग्वाल्हेरला आहे आणि तिचंच जलक्रीडांचं केंद्र इथे आपल्या गोव्यात आहे. इग्नूचा पर्यटनाचा डिप्लोमा घरी बसून होतो, आणि त्याची फी मी भरलेल्या रकमेच्या जवळपासही नाही. हे मला म्हापशात कोणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण, त्यात कमिशन नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर पासचे बारा हजार परत आले. बाकीच्यावर 'विद्यार्थिनीने कोर्स पूर्ण केला' असं उत्तर आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. त्याच बॅचच्या कोणाकडे पावत्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज असतील तर पुसू नका, एकत्र तक्रार करू.

दरम्यान त्या संस्थेच्या जिन्यावरची पाटी बदललीय. आता तिथे क्रूझवरच्या नोकऱ्या आहेत, 'जागा मर्यादित'. बोटीवर जाणाऱ्यांनी एवढं बघा: भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, त्याचा नंबर महासंचालनालयाच्या साइटवर तपासता येतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला त्या एजंटाला कायद्यानेच बंदी आहे.