गाडीची मागची काच बदलताय? आधी कोपऱ्यातली चिकटपट्टी काढून बघा

मागच्या काचेपायी मी जळगावात ४२ हजारांना बुडालो, वर पावसाचं पाणी गाडीत शिरलं ते वेगळंच. दुकानाचं नाव इथे देत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात गेलंय आणि वकिलांनी नावानिशी काही लिहू नका म्हणून बजावलंय. पण फसवायची तऱ्हा सांगायला काही हरकत नाही. हाच प्रकार धुळ्यात, भुसावळात, शहाद्यात कुठेही होऊ शकतो, कारण दुखणं सगळीकडे सारखंच आहे. आपल्याकडे महागड्या गाड्या आल्या, त्यांच्या कंपनीचे वर्कशॉप काही आले नाहीत.

गाडी मर्सिडीज, सेदान, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. रावेर-यावलच्या पट्ट्यात एखाद्या वर्षी केळीला बरा भाव मिळाला की असे शौक होतात, त्यावर घरच्यांचं बोलून झालंय, तुम्ही बोलू नका. संभाजीनगरच्या लोकांनी २०१० साली एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, तेव्हा सगळ्या देशाने बातम्या केल्या. आम्हा खान्देशवाल्यांना साधी सर्व्हिसिंग करायची तरी तिकडे जावं लागतं, नाहीतर नाशिकला. ही अडचण त्या दुकानदाराला आपल्यापेक्षा जास्त चांगली माहीत असते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर फैजपूरकडे आमच्या पुतणीचं लग्न होतं. मांडववाल्याची बल्ली वाऱ्याने सुटली आणि बरोबर मागच्या काचेवर आली. आवाज असा झाला की बँडवाले थांबले. पुढची काच असती तर नुसते तडे गेले असते, कारण ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. मागची काच टफन केलेली, तिला एका जागी जबर फटका बसला की पूर्ण काचेचे खडीसाखरेएवढे दाणे होतात. ती सांधता येत नाही, भरता येत नाही, कापून दुसऱ्या मापाची करता येत नाही. अख्खी नवीच बसवावी लागते. त्यामुळे कोणी ‘डाग भरून देतो’ म्हणालं तर तो पुढच्या काचेबद्दल बोलतोय असं समजा.

शोरूमला फोन केला. सत्तर हजारांच्या आसपास, आणि काच मागवायला आठ-दहा दिवस. विमा एजंटचा फोन बंद, तो आखाजीला गावी गेलेला. वर ऊन ४४-४५ अंशांचं, गाडी उघडी, मागे प्लास्टिक चिकटवलेलं, वऱ्हाड परत सोडायचं. अशा वेळी नाना, म्हणजे आमचे चुलतभाऊ, म्हणाले की जळगावात हायवेला एक काचवाला आहे, तो बाहेरच्या गाड्यांचं सगळं करतो.

दुकान झकपक. मी विचारायचं ते सगळं विचारलं. ‘भाऊ, काच ओरिजनल आहे ना? मागे काचेवरचं धुकं घालवणारा डिफॉगर आहे, रेडिओची अँटेनाही काचेतच आहे.’ तो म्हणाला, ‘शेठ, तुम्ही टेन्शनच घेऊ नका, कंपनीचाच माल. मुंबईहून उद्या येतो.’ दुसऱ्या दिवशी गेलो तर खोका दाखवला, त्यावर लेबल, पार्ट नंबर, आमच्याच मॉडेलचं नाव. लेबलचा फोटो मी काढला. २५ हजार आधी आणि १७ काम झाल्यावर, असं ठरलं. यूपीआय केलं तेव्हा स्क्रीनवर दुकानाऐवजी एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, ‘आमच्या मिसेसचं खातं आहे, शेठ. दुकानाच्या क्यूआरला आज प्रॉब्लेम आहे.’

फिटिंग मात्र अंधार पडल्यावर. दुपारच्या उन्हात चिकटवणं बरोबर नाही, असं कारण दिलं, आणि ते पटण्यासारखं होतं. मला पुढे केबिनमध्ये बसवलं, एसी लावला, मसाला ताक दिलं. मागे शेडमध्ये काम चाललं होतं. मध्ये एकदा जाऊन आलो तर काच बसलेली होती, चारी बाजूंनी पिवळ्या चिकटपट्ट्या. काच सरकू नये म्हणून पट्ट्या लावतात, त्यात गैर काही नाही. पण एक पट्टी खालच्या उजव्या कोपऱ्यावर आडवी, नेमकी जिथे कंपनीचा शिक्का असतो तिथे. ‘ही चोवीस तास काढू नका, पेस्टिंग सेट होऊ द्या,’ असं पोराने दोनदा सांगितलं. एरवी ते कोणाला एवढं सांगत नाहीत.

आणि एक वास. आंबट, लोणच्याच्या बरणीतल्या व्हिनेगरसारखा. मी विचारलं, तर ‘जर्मन केमिकल’ म्हणाला. ही गोष्ट लक्षात ठेवा. गाडीची काच पॉलियुरेथेनने, म्हणजे बाजारात ज्याला पीयू म्हणतात त्याने चिकटवतात. त्याला असा आंबट वास नसतो. तो वास बाथरूमला, फिशटँकला वापरतात त्या स्वस्त सिलिकॉनचा. त्यातून अॅसिड सुटतं, ते धातूला खातं, आणि गाडीची काच धरून ठेवायची ताकद त्याच्यात नसते. पीयू लावण्याआधी काचेच्या काठाला आणि बॉडीच्या पत्र्याला प्रायमर लावावा लागतो. जुना चिकटा खरवडताना पत्र्याचा रंग निघाला तर तिथेही, नाहीतर गंज धरतो. शिवाय पीयू हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होतो. आपल्याकडच्या वैशाखातल्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो. जो कारागीर हे स्वतःहून सांगतो आणि आज रात्री गाडी इथेच ठेवा म्हणतो, तो बहुधा खरा. मला तासाभरात गाडी दिली होती.

बिल मागितलं तर दिलं. छापील, जीएसटी नंबर असलेलं. वर ‘काच फिटिंग सह’ एवढंच, रक्कम ४२ हजार. ना पार्ट नंबर, ना काच कोणत्या कंपनीची. वाद घातला तर म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये तेवढंच येतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. खाली शिक्का होता, अगदी मर्सिडीजच्या तीन टोकांच्या चांदणीसकट. म्हटलं झालं, आपण उगीच शंका घेतली.

मग मृगाचा पाऊस आला. पहिल्याच सरीनंतर गाडीत कुबट वास यायला लागला. मागच्या सीटच्या मागची फळी ओली, डिकीतला गालिचा पिळला तर पाणी. या गाडीचा एक फ्यूजबॉक्स डिकीत तळाच्या कव्हरखाली असतो. एक दिवस मागचे दिवे आपोआप लागायला लागले, तेव्हा कळलं पाणी कुठवर पोहोचलंय. रेडिओ तर जळगाव शहरात उभी असतानाही नुसता खरखरायचा. मी त्याला हवामानाचा दोष देत होतो. डिफॉगरचं बटण दाबलं की दिवा लागायचा, काचेवरचं धुकं मात्र तसंच.

धुळ्याकडचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन आमच्या ओळखीचा आहे, गाडी त्याच्याकडे नेली. त्याने आतून काचेच्या काठाचं कव्हर उचकटलं, मीटर लावलं आणि हसला. ‘दादा, हाई काच कंपनीनी नई शे. तारच जोडेल नई शे.’ डिफॉगरच्या रेघा काचेवर होत्या, पण त्यांना करंट देणारी वायर नुसती पॅनेलच्या मागे खोचून दिली होती. काचेवरच्या पत्तीला ती क्लिप बसतच नव्हती, कारण काच वेगळ्याच व्हर्जनची. मोजमाप तेच, पण अँटेनाच्या बारीक रेघा मुळात नव्हत्याच. आणि शिक्का? त्याने नखाने खरवडला. चांदणीचं एक टोक नखात आलं.

खरा शिक्का असा निघत नाही. तो काच भाजताना तिच्यातच बसलेला असतो, ब्लेडनेही जात नाही. त्यात बनवणाऱ्याचं नाव असतं. भारतात बनलेली काच असेल तर आयएसआयचं चिन्ह, आयएस २५५३ हा मानकाचा नंबर आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आहे ते लगेच दिसतं. युरोपच्या काचेवर वर्तुळात ई आणि एक आकडा, सोबत ४३ आर असं येतं. एवढं पाठ नसलं तरी चालेल. आपल्याच गाडीच्या दारांच्या काचा बघा, त्यांच्यावरचा मजकूर आणि मागच्या काचेवरचा मजकूर शेजारी-शेजारी फोटो काढून ताडून पाहा. कंपनी वेगळी असू शकते, पण ठेवण तीच असते. माझ्या काचेवर चांदणी होती, आणि तिच्याखाली एकही अक्षर नव्हतं.

हे सगळं काच बसवायच्या आधी बघायचं, आणि काच खोक्याबाहेर काढून बघायचं. मला दाखवलेला खोका खरा असणार, त्यातली काच कोणत्या गाडीला गेली देव जाणे. बसवल्यावर मात्र दुकानदार निर्धास्त होतो. चिकटवलेली काच अख्खी काढणं अवघड, आणि काढताना फुटली तर पुरावा गेला.

दुकानात परत गेलो. आधी ‘शेठ, पावसात थोडंफार येतंच’, मग ‘फिल्म लावून देतो, फुकट’. काळी फिल्म लावली की शिक्काही झाकला जातो आणि रेघाही, म्हणून ही उदारता. मोटार वाहन नियमांत, नियम १०० मध्ये, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा असं आहे, म्हणजे वर पोलिसांचा दंडही आमच्याच नावावर. मी नाही म्हटल्यावर तिसरी भाषा सुरू झाली: ‘ही आमची काचच नाही. तुम्ही नंतर दुसरीकडून बदलून आणली.’ बिलावर पार्ट नंबर का नव्हता ते तेव्हा समजलं. पैसे बाईंच्या खात्यात का घेतले तेही. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकायला गेलो तर घेईना. मोजला तर १४ अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि दुकानात उभ्या-उभ्या मोबाइलवर तपासता येतो.

विम्याचंही ऐका, कारण तिथेही मला त्याने खोटं सांगितलं होतं. ‘काच इन्शुरन्समध्ये बसत नाही शेठ, उलट तुमचा बोनस जाईल.’ बोनसचं अर्धसत्य आहे. क्लेम घेतला तर पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस जातो, वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर. पण सर्वसमावेशक पॉलिसीत काच बसते, आणि काचेवर घसारा कापत नाहीत. रबर-प्लास्टिकचे ५० टक्के कापतात, काचेचं शून्य. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २ हजार रुपये सक्तीने आपल्या खिशातून, बाकी कंपनी देते. बोनसची रक्कम आणि काचेची रक्कम कागदावर मांडून बघा. जुन्या गाडीचा हप्ता कमी असतो, तिथे बऱ्याचदा क्लेमच परवडतो. आणि काच फुटली त्याच दिवशी विमा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर कळवून ठेवा, एजंट आखाजीला गेला असला तरी.

शेवटी संभाजीनगरलाच काच बदलली. जुनी काढताना सांगून ठेवलं की तार घालून कापा, अख्खी निघाली पाहिजे. सिलिकॉन असल्यामुळे फार त्रास न होता निघाली, हा तेवढा एक फायदा. काढतानाचा व्हिडिओ केला, वर्कशॉपकडून लेखी घेतलं की काच कोणती होती, कशाने चिकटवली होती, वायर कशी होती. ती काच गोणपाटात गुंडाळून आमच्या शेडमध्ये ठेवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, त्यांनी दुकानाला कळवलं, उत्तर आलं नाही. मग दुकानाला आणि त्या खातेदार बाईंना, दोघांनाही रजिस्टर पोस्टाने नोटीस. बाईंची नोटीस मात्र भारी लागू पडली. घरात भांडण झालं असं नाना म्हणाले. खरंखोटं नानांना ठाऊक. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. मी वकील लावला, कारण केळीच्या हंगामात तारखांना मला जाणं जमणार नाही.

परवा नानांच्या मार्फत निरोप आला. अर्धे पैसे रोख देतो, तक्रार मागे घ्या, कागदबिगद नको. मी सांगितलं, पूर्ण दे, यूपीआयने दे, आणि या वेळी दुकानाच्या खात्यावरून दे.