प्रगत इटालियन, ९ क्रेडिट, आठ महिने वापरून: तक्रार एका रेघेची

फेब्रुवारीत लेखीला १७ पडले. पास व्हायला ३० पैकी १८ लागतात, हे इटलीत शिकणाऱ्यांना सांगायला नको. एका गुणाने गेले म्हणून मी रडणाऱ्यांतली नाही. पण तो गुण कशात गेला ते कळलं आणि डोकं फिरलं. त्याच रात्री हे लिहायला घेतलं, एकच तारा द्यायचा असं ठरवून. मग पूर्ण करायचं राहून गेलं आणि जून उजाडला. मधल्या काळात मत बदललं, पण सुरुवातीचा राग तसाच ठेवलाय, कारण तोही खरा होता.

विद्यापीठाचं नाव घेत नाही. उत्तर इटलीतलं, सरकारी. मी तिथे एम.ए.ला आहे, विषय इटालियन भाषा आणि ती परदेशी लोकांना शिकवणं. पहिल्या वर्षी प्रगत इटालियनचा पेपर असतो, ९ क्रेडिटचा. एका क्रेडिटला २५ तासांचं काम धरतात, म्हणजे २२५ तास. त्यातले वर्गात ५४. उरलेले १७१ तास तुम्ही आणि तुमचं नशीब. फी घरच्या उत्पन्नावर ठरते, त्यासाठी तहसीलदाराच्या दाखल्यापासून साताऱ्याच्या घराच्या क्षेत्रफळापर्यंत सगळं इटालियनमध्ये द्यावं लागतं. बाबा फोनवर म्हणाले, "दीड गुंठा लिही की." १५२ चौरस मीटर लिहिलं. भाषांतर आणि शिक्क्यांचा खर्च पहिल्याच वर्षाच्या फीत वसूल झाला, तिथे तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘ए’च्या डोक्यावरच्या रेघेची.

इटालियनमध्ये शब्दाच्या शेवटी जोर आला की स्वरावर तिरकी रेघ देतात. बाकी स्वरांवर ती एकाच दिशेची, डावीकडून उजवीकडे उतरणारी. ‘ए’चं मात्र तसं नाही. ‘काफ्फे’वर (कॉफी) उतरती रेघ, ‘पेर्के’वर (का, कारण) चढती. ‘आहे’ या अर्थाच्या एकाक्षरी ‘ए’वर उतरती, तेवीस म्हणजे ‘वेन्तित्रे’वर चढती. कारण काय, तर उतरतीचा उच्चार मोकळा, आपल्या ‘बॅट’च्या अंगाने जाणारा, आणि चढतीचा बंद, ‘बेट’मधला. चांगलं आहे, तर्क आहे. आता ज्या भागात मी राहते तिथली गंमत ऐका. मिलानकडची माणसं ‘पेर्के’ला सर्रास ‘पेर्कॅ’ म्हणतात, आणि ‘बेने’ (छान, बरं) हा शब्द, जो खरा मोकळा, तो बंद करून बोलतात. म्हणजे कानाने शिकावं तर नेमकं उलटं शिकायला होतं.

परीक्षा स्वतःच्या लॅपटॉपवर होती. माझा लॅपटॉप पुण्यातून घेतलेला, त्यावर रेघवाली अक्षरं कुठून येणार? फोनवर अक्षर दाबून धरलं की सगळी मिळतात, म्हणून तोवर अडलं नव्हतं. इथे फोन बाहेर ठेवलेला. मग मी आपली नेहमीची युक्ती काढली. प्रश्नातच एक रेघवाला ‘ए’ दिसला, तो कॉपी केला आणि लागेल तिथे चिकटवत गेले. तो निघाला उतरता. ‘पेर्के’, ‘वेन्तित्रे’ आणि ‘ना हे ना ते’मधला ‘ने’, तिन्हींवर चढती हवी होती. चौथ्या जागी वाक्याच्या सुरुवातीला मोठा ‘ए’ होता. तिथे मी मोठं अक्षर आणि पुढे ॲपॉस्ट्रॉफी दिली, जशी इथली माणसं टाइप करताना देतातच. तपासणारं यंत्र अक्षराला अक्षर जुळवतं. चार जागा, प्रत्येकी अर्धा गुण. सतरा आणि दोन एकोणीस. हिशोब मी शंभर वेळा केला.

आमच्या मराठीच्या बाई ‘दिन’ आणि ‘दीन’साठी अर्धा गुण कापायच्या तेव्हा वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. कारण बाई फळ्यावर कधी चुकल्या नाहीत. इथे मात्र ज्या प्रोफेस्सोरेस्सांनी, म्हणजे आमच्या इथल्या बाईंनी, पेपर काढला त्या स्वतः फळ्यावर मोठा ‘ए’ लिहून पुढे ॲपॉस्ट्रॉफी देतात. माझ्याकडे वहीत तारखेसकट आहे.

मग लढाई. सेग्रेतेरिआची, म्हणजे विद्यार्थी कचेरीची, वेळ मंगळवारी आणि गुरुवारी १० ते १२. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं की हे बाईंना विचारा. बाई मेलवर म्हणाल्या की यंत्राने दिलेले गुण त्यांना बदलता येत नाहीत. दुसऱ्या खेपेला खिडकीमागच्या गृहस्थांनी सुचवलं की रीतसर अर्ज करा, त्याला १६ युरोचा ‘मार्का दा बोल्लो’ लावा. म्हणजे आपला कोर्ट फी स्टॅम्पच. विद्यार्थी मेसमधली किती जेवणं होतात त्यात, याचा हिशोब खिडकीसमोर उभ्या उभ्या झाला आणि मी परत आले. जूनचा अप्पेल्लो, म्हणजे परीक्षेची पुढची फेरी, फुकट होता.

पण मेल पाठवणं मी सोडलं नाही. एकूण सात मेल. आणि इथे माझं मत हलायला लागलं.

पहिला मेल मी वर्गातल्या इटालियनमध्ये लिहिला. नीट, शुद्ध, आणि कुणीही ढुंकून न बघावं असा. दुसऱ्यापासून इथल्या कचेऱ्यांची भाषा उसनी घेतली. ‘कोन ला प्रेझेन्ते’ म्हणजे ‘या अर्जाद्वारे’. ‘इन आत्तेझा दी उन कोर्तेझे रिस्कोन्त्रो’ म्हणजे आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत. ‘जर’साठी साधं ‘से’ न वापरता ‘क्वालोरा’. हे लिहिताना मला तलाठी ऑफिसातले कागद आठवत होते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सबब’, ‘कळावे’. ज्या माणसाला मराठी अर्ज लिहिता येतो त्याला इटालियन अर्ज परका नाही. स्टेशनावर तिकिटावर शिक्का मारा म्हणायला साधं ‘तिम्ब्रारे’ असताना पाटीवर ‘ओब्लितेरारे’ लिहिणारा देश आहे हा. अधोस्वाक्षरीकारांचा सख्खा भाऊ.

तिसऱ्या मेलला बाईंचं उत्तर आलं. गुणांबद्दल एक ओळ: नाही. खाली चार ओळी माझ्या दुसऱ्या परिच्छेदावर. मुख्य क्रियापद भूतकाळात गेल्यावर पुढचा कोंजुन्तीवो (शंका, इच्छा, अंदाज सांगणारं क्रियापदाचं रूप) मी वर्तमानातच ठेवला होता, तो का चुकला आणि कुठला हवा. सातव्या मेलला त्यांनी फक्त ‘आता भाषा बरोबर आहे’ असं कळवलं. म्हणजे ५४ तासांत जे डोक्यात गेलं नाही ते माझ्या भांडणातून गेलं, तेही फुकट. राग होताच, पण आता त्याच्या शेजारी थोडी लाजही येऊन बसली.

तर कोर्सबद्दल. ज्या कोंजुन्तीवोला सगळे घाबरतात तो मराठी माणसाने अजिबात घाबरू नये. ‘पेन्सो के सीआ आ काझा’. तो घरी ‘असावा’. आहे नव्हे, असावा. हे ‘-आवं’ आपण आईच्या मांडीवर शिकलोय. स्पॅनिशवाले वर्गात छाती काढून बसायचे, कारण त्यांच्याकडे हे रूप जवळजवळ तयारच असतं. मी पहिले दोन महिने नियम पाठ करत बसले, मग एक दिवस सगळी वाक्यं मनात मराठीत म्हणून बघितली आणि बहुतेक ठिकाणी कान आपोआप ‘असावा’कडे गेला. तसंच ‘सारान्नो ले ओत्तो’. भविष्यकाळ, पण अर्थ अंदाजाचा: आठ वाजले असतील. अमेरिकन मुलाला हे समजवायला बाईंना अर्धा तास लागला. मला एकही मिनिट लागलं नाही.

आणि ‘मीका’. ‘नोन ए मीका फाचीले’. शब्दकोशात तिचा अर्थ ओळीने सात प्रकारे दिलाय आणि एकही लागत नाही. मराठीत एका शब्दात लागतो: हे ‘काही’ सोपं नाही. मूळ लॅटिनमध्ये मीका म्हणजे कण, चुरा. कणभरही सोपं नाही. हे मी वर्गात सांगितलं तर बाईंनी वहीत उतरवून घेतलं. तो दिवस बरा गेला.

जोडाक्षरांचं तर विचारूच नका. ‘आन्नो’ म्हणजे वर्ष, आणि एक ‘न’ गिळला तर गुदद्वार. इथे वय सांगताना वर्षं ‘आहेत’ असं म्हणतात, त्यामुळे त्या अमेरिकन मुलाने पहिल्याच दिवशी आपल्याला तशी बावीस असल्याचं जाहीर केलं. पक्का, गल्ला, सत्तर म्हणत वाढलेल्याची जीभ तिथे घसरत नाही.

जिथे मराठी हात देत नाही ते म्हणजे ‘ला’ आणि ‘ने’ चिकटवलेली क्रियापदं. ‘कावार्सेला’, ‘प्रेन्देर्सेला’, ‘अन्दार्सेने’. ही ‘ला’ म्हणजे कोण, कुठली, कुणालाच माहीत नाही. ‘मे ला कावो’ म्हणजे माझं भागतं. ‘मे ला सोनो प्रेसा’ म्हणजे मी मनाला लावून घेतलं. पहिलं मी रोज म्हणते. दुसरं फेब्रुवारीपासून म्हणतेय. या प्रकरणाला कोर्सने फक्त दोन तास दिले, आणि सॉनेटच्या रचनेला आठ. दुकानात सॉनेट कुणी विचारत नाही. वजा अर्धा तारा.

आता परत रेघेकडे, कारण तिथून माझी सुटका नाही. एप्रिलमध्ये मी जुन्या बाजारातून इटालियन कीबोर्ड घेतला, १२ सांगत होता, ९ युरोला दिला. त्यावर उतरता ‘ए’ सरळ मिळतो, शिफ्ट दाबली की चढता. घरी आणला, जोडला, आणि कळलं की मोठा रेघवाला ‘ए’ त्यावर नाहीच! शिफ्ट चढत्यात खर्ची पडली. म्हणून तर अख्खा देश मोठ्या ‘ए’पुढे ॲपॉस्ट्रॉफी देतो. बाईंवरचा माझा निम्मा राग तिथेच उतरला, कीबोर्डची सवयच त्यांच्या हातून फळ्यावर उतरत असणार. पुढच्याच आठवड्यात वर्गातल्या कोलंबियाच्या मुलीने माझ्या लॅपटॉपची सेटिंग उघडून ‘यूएस-इंटरनॅशनल’ निवडलं. आधी रेघ दाबायची, मग अक्षर. दोन्ही रेघा, मोठा ‘ए’सुद्धा, एक पैसा न देता. ९ युरो. त्या दिवशी मी फारशी कुणाशी बोलले नाही.

एकदा मनात आलं होतं की हा पेपर गेला खड्ड्यात, सिएनाच्या विद्यापीठाची ‘चिल्स’ ही इटालियनच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी, सी-वन म्हणजे प्रगत पातळीची. तिथे पाच भाग, प्रत्येकी २० गुण, प्रत्येकात किमान ११ हवेत. पण तिची फी वेगळी आणि क्रेडिट मला इथलेच लागतात.

जूनमध्ये लेखीला २७. चढत्या सगळ्या चढल्या, उतरत्या उतरल्या. मग तोंडी. बाईंनी पहिला प्रश्न आवडीच्या विषयावर बोला असा दिला, इथे ती पद्धतच आहे. मी ‘ए’वरच्या रेघेवर बोलले. एइनाउदी हे प्रकाशन ‘ई’ आणि ‘ऊ’वरही चढती रेघ देतं, बाकीचे देत नाहीत, इथपासून ते शाळेतल्या पोरांच्या ‘सु क्वी ए सु क्वा, लाच्चेन्तो नोन वा’पर्यंत. ‘क्वी’वर आणि ‘क्वा’वर (दोन्ही म्हणजे ‘इथे’) रेघ द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ, पण आपल्याकडे ‘आणि’ची ‘णि’ पहिली, हे जसं डोक्यात ठोकतात तसं ते ठोकलेलं असतं. बारा मिनिटं सलग बोलले. बाई हसत होत्या.

"२८. घेताय?"

इथे गुण नाकारून पुन्हा परीक्षेला बसता येतं. मी विचारलं, दोन कुठे गेले? म्हणाल्या, बोलणं उत्तम, पण तुम्ही अख्ख्या परीक्षेत ‘बेने’ बंद म्हणालात, आमच्या इथल्या भाजीवाल्यांसारखं.

घेतले.

साडेतीन तारे. कीबोर्ड विकायचा आहे, ८ युरो, केबलसकट.