अण्णांच्या गिळण्यासाठी भरलेले ८५ हजार

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. हात आठवड्यात हलायला लागला, पण गिळणं गेलं. चमचाभर पाण्यानेही जीव कासावीस होईपर्यंत ठसका लागायचा. पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होईल म्हणून नाकातून रायल्स ट्यूब, म्हणजे पोटापर्यंत जाणारी नळी, घातली. आई भाताची पेज दोनदा गाळून सिरिंजने द्यायची. स्वयंपाकघरात फोडणीचा वास सुटला की अण्णा भिंतीकडे तोंड करायचे.

त्याच दिवसांत कुणीतरी एक नंबर दिला. समोरचा माणूस मला ताई म्हणायचा. ‘मानेतल्या नसेला वायर, छातीत छोटी बॅटरी. पंधरा दिवसांत अण्णा वरणभात खातील.’ त्याने एक एक्स-रे पाठवला: कॉलरबोनखाली यंत्र, तिथून हनुवटीकडे गेलेली तार. मशीन बाहेरून येतं, बुकिंग आजच करा, म्हणाला. मी ८५ हजार यूपीआयने भरले. ‘तोवर गिळण्याचे व्यायाम बंद ठेवा, नस थकते,’ हेही त्याचंच. आम्ही ऐकलं. तारीख दोनदा पुढे गेली, मग फोन बंद.

तो एक्स-रे मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवला. यंत्र खरं होतं, पण गिळण्यासाठीचं नव्हतंच. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात जिभेच्या नसेला चेतना देऊन ते जीभ पुढे सरकवतं. अमेरिकेत त्याला २०१४ साली मान्यता मिळाली. गिळण्यासाठी शरीरात यंत्र बसवायचे प्रयोग मोजक्या रुग्णांवर झालेत, नेहमीचा उपचार म्हणून ते आलेलं नाही. गळ्याला बाहेरून पॅच लावून सौम्य करंट देतात ते वेगळं, आणि तेही व्यायामाच्या जोडीनेच.

कुणी ‘ट्रायलमध्ये घेतो’, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीत घेतो म्हणालं, तर आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात ट्रायलची ही सरकारी नोंदणी २००९पासून सक्तीची आहे आणि कुणालाही ऑनलाइन पाहता येते. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नसतो. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी नऊ दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

पैशांपेक्षा ते बिनव्यायामाचे तीन आठवडे मला जास्त सलतात. पुढे नाकातून कॅमेरा घालून अण्णांचं गिळणं तपासलं, गिळण्याचे व्यायाम घ्यायला स्पीच थेरपिस्ट रोज यायला लागल्या. काल अण्णांनी घट्ट दह्याचे चार चमचे घेतले. ठसका लागला नाही. पाचव्यासाठी त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.