टोस्टमास्टर्स क्लब : कमी बोलणाऱ्या नोकरदाराने सभासद व्हावे का?

‘पंधरा दिवसांत आत्मविश्वास’ देऊ करणाऱ्या वर्गांच्या जातकुळीतली टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल ही भाषणाचा सराव घडवणारी संस्था नाही, हे आधीच सांगितलेले बरे. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सँटा अ‍ॅना येथे वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेत सुरू केलेल्या एका क्लबातून ती वाढली. आजही ती नफ्यासाठी चालवली जात नाही, तिच्या क्लबांत पगारी शिक्षक नसतो आणि सभासदच एकमेकांची भाषणे ऐकून सुधारणा सुचवतात. मी पुण्यातील एका क्लबाचा सभासद आहे आणि चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी करतो. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरते आहे: ज्याला चारचौघांत बोलायचा कंटाळा आहे, पण आपल्या कामाची दखल घेतली जावी असे वाटते, त्याला या सभासदत्वाचा कितपत उपयोग होतो?

हा प्रश्न माझ्यापुरता तरी कामाच्या स्वरूपातूनच येतो. आमच्या विभागाने काम चोख केले की काही बिघडत नाही, आणि न बिघडलेल्या गोष्टीचा अहवाल कोणी मागत नाही. बोअरच्या, म्हणजे भागात कोरलेल्या छिद्राच्या, व्यासाची मापे ती क्रमाने मांडणाऱ्या नियंत्रण तक्त्यावर ओळीने सात बिंदू खाली उतरत गेली, तर ती मर्यादेत असली तरीही टूल झिजत चालले असावे, हे ओळखून इन्सर्ट, म्हणजे टूलचे बदलता येणारे पाते, वेळेआधी बदलून घेतला की रिजेक्शन होतच नाही. मात्र सकाळच्या आढावा बैठकीत ‘लाइन सुरळीत चालली’ एवढेच नोंदले जाते, आणि ते जो मोठ्या आवाजात सांगतो त्याच्या खात्यावर जमा होते. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी ‘काम उत्तम, पण दिसत नाही’ असा शेरा मिळाल्यावर, बोलणाऱ्याचे एरंड विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात ही म्हण आठवून हळहळण्यापेक्षा काही उपाय करावा, म्हणून मी क्लबात गेलो.

क्लबाची बैठक एक ते दोन तासांची असते आणि तिचे प्रत्येक मिनिट ठरलेले असते. तयारी करून द्यायचे भाषण बहुधा पाच ते सात मिनिटांचे असते, तर ‘टेबल टॉपिक्स’ या भागात ऐन वेळी मिळालेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. वेळ पाहणारा सभासद एका मिनिटाला हिरवी, दीड मिनिटाला पिवळी आणि दोन मिनिटांना लाल खूण दाखवतो. कमी बोलणाऱ्याला ही बंधने जाचण्याऐवजी आधारच देतात, कारण त्याला बोलता येत नाही असे सहसा नसते. इतरांच्या बोलण्यात शिरायला जागा सापडत नाही, ही त्याची खरी अडचण असते. इथे ती जागा आपोआप मिळते, तिच्यात दुसरा कोणी घुसत नाही, आणि लाल खूण दिसली की एरवी फड गाजवणाऱ्यालाही आवरते घ्यावे लागते. (कारखान्याच्या बैठकीतही असा एखादा दिवा असावा, हे माझे प्रामाणिक मत आहे.)

बैठकीतील आणखी एक भूमिका ‘आह काउंटर’ची. बोलणाऱ्याच्या तोंडून निघणारे ‘अं’, ‘सो’, ‘म्हणजे’ यांसारखे भरतीचे शब्द तो मोजतो आणि शेवटी वाचून दाखवतो. त्याच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘आय थिंक’च्या खुणा सर्वांत जास्त पडलेल्या असत. कारखान्यातही मी गेजने मोजलेल्या, तक्त्यावर उतरवलेल्या आकड्यांपुढे ‘मला वाटतं’ लावून ते सांगत होतो, आणि ऐकणाऱ्याने ते माझे मत समजून सोडून देणे साहजिकच होते. ही एक सवय सुटली तरी वर्गणी वसूल झाली असे म्हणता येईल.

तरीही माझ्या दृष्टीने या क्लबातील सर्वांत मोलाची भूमिका वक्त्याची नसून मूल्यमापकाची आहे. एखाद्याचे भाषण लक्षपूर्वक ऐकायचे, टिपणे काढायची आणि त्याच बैठकीत दोन-तीन मिनिटांत काय साधले, काय सुधारता येईल आणि ते कसे, हे सर्वांसमोर सांगायचे. ‘छान बोललात’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या वाक्यानंतर थांबायला हवे होते, कोणते उदाहरण अर्धवट राहिले, हे नेमके दाखवावे लागते. संस्थेच्या ‘पाथवेज’ या पाच पायऱ्यांच्या अभ्यासक्रमात पहिल्याच पायरीवर हे काम करावे लागते, आणि मूल्यमापनाच्या स्वतंत्र स्पर्धाही होतात. तिथे सर्व स्पर्धक एकच भाषण ऐकतात, बाहेर जाऊन पाच मिनिटांत टिपणे जुळवतात आणि मग एकेक जण आत येऊन बोलतो. एरवी ज्या स्वभावामुळे ‘हा काही बोलतच नाही’ असे ऐकावे लागते, तोच ऐकत राहण्याचा, बारकावे टिपण्याचा स्वभाव इथे भांडवल ठरतो. मी हीच पद्धत कारखान्याच्या आढावा बैठकीत वापरू लागलो: काय मोजले, काय केले आणि त्यामुळे काय टळले, एवढे दोन मिनिटांत सांगायचे आणि तेच तीन ओळींत मेलने संबंधितांना पाठवायचे. त्यानंतर बैठकीच्या इतिवृत्तात आमच्या विभागाची कामे नावानिशी येऊ लागली.

यातला मेलचा भाग मात्र क्लबाने शिकवलेला नाही, आणि या सेवेची मर्यादा नेमकी तिथेच आहे. लिखित नोंद कशी ठेवावी, कोणती गोष्ट कोणाच्या कानावर घालावी, श्रेय लाटणाऱ्या सहकाऱ्याला कसे उत्तर द्यावे, यांपैकी काहीही इथे शिकायला मिळत नाही. तयारीच्या भाषणांत बालपणीच्या आठवणी, चढउताराचा आवाज आणि टाळ्या घेणारा शेवट यांवर बराच भर असतो. ते ऐकायला बरे वाटते, पण ‘गेल्या महिन्यात एकही तक्रार का आली नाही’ हे सांगताना त्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय प्रत्येक बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात, दोष सांगण्याआधी आणि नंतर स्तुती केली जाते, आणि नवख्याला धीर देण्यासाठी ही रीत योग्य असली तरी ऑफिसात तशी अपेक्षा ठेवून चालत नाही. माझ्या क्लबाचे कामकाज इंग्रजीत चालते. संस्थेने भाषेची सक्ती केलेली नसल्याने वेगळ्या भाषेचा क्लब निघू शकतो, पण शॉप फ्लोअरवर ज्याला मराठी-हिंदीतच बोलायचे आहे त्याने ही बाब आधी विचारून घ्यावी.

वर्गणी दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरायची असते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ती ६० डॉलर झाली, नव्या सभासदाला एकदाच २० डॉलर जास्त द्यावे लागतात, आणि काही क्लब स्वतःचा खर्च वेगळा घेतात. एखाद्या खासगी वर्गाच्या शुल्काशी तुलना केली तर ही रक्कम जड नाही, मात्र केवळ वर्गणी भरून मागच्या रांगेत बसणाऱ्याला तिचा काडीचाही लाभ होणार नाही. पाहुणा म्हणून बैठकीला जायला बहुधा पैसे पडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन क्लब पाहूनच निवड करावी. काही क्लब कंपन्यांच्या आत, फक्त त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी चालतात. तिथे वरिष्ठ समोरच बसलेले असण्याची शक्यता असल्यामुळे ओळख लवकर होते, पण अडखळण्याची मोकळीक कमी मिळते. मी बाहेरचाच क्लब निवडेन. पहिल्या काही बैठकांत वेळ पाहण्याचे काम मागून घ्यावे, कारण त्यात बोलायचे थोडे असते, पण उभे राहावेच लागते. त्यानंतर मूल्यमापकाच्या यादीत नाव द्यावे, आणि मोठी भाषणे सावकाश घ्यावीत.