हलणारा एक्सप्रेसकार्ड स्लॉट: पट्टी लावावी, बोर्ड खोलावा, की यूएसबी केबल घ्यावी?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये दहा-पंधरा वर्षांचे लॅपटॉप अजून कामाला येतात. जुन्या व्हीएमसीला (संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या मशीनला) प्रोग्राम पाठवायला आरएस-२३२ हा जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट लागतो आणि तो या लॅपटॉपना एक्सप्रेसकार्ड, म्हणजे बाजूच्या खाचेत बसणारं जादा पोर्टचं कार्ड, घालून मिळतो. कार्ड ढिलं झालं की पंचाईत सुरू होते. नुसती फाइल चढवत असाल तर पुन्हा चढवता येईल. पण ड्रिप फीड, म्हणजे लॅपटॉपवरून प्रोग्राम थोडा थोडा पाठवत कटिंग, चालू असताना कार्ड क्षणभर सुटलं, तर फानुकवर (मशीनच्या कंट्रोलवर) ०८६ चा अलार्म येतो आणि टूल जॉबमध्येच उभं राहतं. डायचा फिनिशिंग कट असेल तर तिथला डाग कोणत्याही दुकानात दुरुस्त होत नाही.

पैसे कशावर घालायचे हे ठरवण्याआधी नेमकं काय हलतंय ते पाहा. मशीनची केबल काढा, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टची यादी उघडी ठेवा आणि कार्ड बोटाने आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली, मग बाहेरच्या बाजूला हलकं हलवा. कोणत्या दिशेला कॉम पोर्ट यादीतून गायब होतो? शक्य असेल तर दुसरं एखादं कार्ड घालून हेच करा. कित्येकदा स्लॉट ठणठणीत असतो आणि कार्डाच्या आतला जोड तुटलेला असतो.

कार्ड फक्त डावी-उजवीकडे डुलत असेल आणि पोर्ट जागेवर राहत असेल, तर स्लॉट बिघडलेला नाही. एक्सप्रेसकार्ड दोन रुंदीत येतं, ३४ मिमी आणि ५४ मिमी. ५४ च्या स्लॉटमध्ये ३४ चं कार्ड घातलं की शेजारी २० मिमी जागा रिकामी राहते आणि कार्डाला एका बाजूने आधारच उरत नाही. त्यात पुढे नऊ पिनांचा कनेक्टर आणि त्याला लोंबणारी जाड केबल. खरा त्रास त्या वजनाचा असतो. केबल टेबलाच्या पायाला किंवा ट्रॉलीला बांधून टाका. निम्मी हलहल तिथेच थांबते, आणि हा उपाय पुढचा कोणताही पर्याय निवडला तरी करायचाच आहे.

उरलेल्या हलहलीला पट्टी. काही कार्डांसोबत ५४ मिमीची प्लास्टिक चौकट मिळते. ती असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर बाद झालेली एटीएम कार्डं कापा. एका कार्डाची जाडी ०.७६ मिमी, एक्सप्रेसकार्डाची ५ मिमी. सहा थर चिकटवले की साधारण ४.५६ मिमी होतात आणि पट्टी न अडकता बसते. चिपचा भाग कापून टाका, स्लॉटजवळ धातू नको. पट्टीचं आतलं टोक तिरपं आणि आखूड ठेवा, कारण रुंद स्लॉटच्या आत अरुंद कार्डाला वाट दाखवणारा तिरका कठडा असतो. वर-खाली ढिलाई असेल तर कार्डाच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या पातळ पिवळ्या टेपचा) एकच थर लावा. कागदाच्या घड्या मुळीच कोंबू नका, त्या आत फाटून राहतात.

पट्टी लावूनही कार्ड आत-बाहेर सरकत असेल, किंवा दाबल्यावर अडकतच नसेल, तर लॅपटॉप उघडावा लागेल. स्लॉटची पत्र्याची चौकट बहुतेक बोर्डावर बारीक स्क्रूंनी बसवलेली असते, आणि वर्षानुवर्षं कार्ड ओढून ते सैल होतात. लेनोवो, डेल, एचपी यांच्या बिझनेस मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतात. बॅटरी काढून, स्क्रू ज्या जागेचे त्या जागी कागदावर टोचून ठेवत गेलात तर घरी जमण्यासारखं काम आहे. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो बोर्डात घुसतो, एवढं एकच भय. बिडाची भुकटी दिसली तर ब्रशने काढा. हात एअर गनकडे जाईल, जाऊ देऊ नका. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय भुकटी आणखी आत जाते. खटक्याची स्प्रिंग गेली असेल तर त्याच मॉडेलच्या भंगार लॅपटॉपमधली चौकट शोधावी लागते. मिळाली तर उत्तम, पण तिच्या मागे आठवडे घालवण्यात अर्थ नाही.

चौकट घट्ट आहे, कार्ड चांगलं आहे, तरीही स्लॉटजवळ लॅपटॉपच्या अंगावर दाब दिला की पोर्ट जातो-येतो? मग ड्राय सोल्डरचा, म्हणजे डाखाचा जोड सुटल्याचा, संशय घ्या. कनेक्टरला २६ बारीक टोकं असतात आणि ती थेट मदरबोर्डवर डाखलेली असतात. एम. जी. रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात नेण्याआधी फोनवरच दोन गोष्टी विचारा: काम मायक्रोस्कोपखाली होईल का, आणि तुमचंच कार्ड घालून चाचणी दाखवतील का. ‘बघू, ठेवून जा’ एवढंच उत्तर आलं तर पुढचं दुकान धरा. हॉट एअर जास्त वेळ धरली तर कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं आणि मग चर्चा थेट बोर्ड बदलण्याची होते. माझं मत विचाराल तर, निव्वळ सीरियल पोर्टसाठी एवढ्या जुन्या बोर्डावर हे काम करू नये. त्या लॅपटॉपवर जुन्या लायसन्सचं कॅम सॉफ्टवेअर (मशीनचे प्रोग्राम बनवणारं) असेल आणि दुसरीकडे हलवता येत नसेल, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही आधी यूएसबी वापरून पाहा.

यूएसबी-सीरियल केबल काही शे रुपयांपासून मिळते आणि बदनामही आहे. बदनामीचं कारण बरंचसं नकली चिप. प्रोलिफिक या चिप कंपनीच्या जुन्या किंवा नकली चिपवर नवीन विंडोज ‘कोड १०’ दाखवून काम थांबवतं. एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीच्या २०१४ मधल्या एका ड्रायव्हर अपडेटने तर नकली चिप पार निकामी केल्या होत्या. म्हणून विश्वासू विक्रेत्याकडून अस्सल एफटीडीआयची केबल घ्या. दुसरी अडचण हँडशेकची, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना ‘पाठव’, ‘थांब’ सांगण्याची. कंट्रोलने ‘थांब’ म्हटल्यावरही कन्व्हर्टरच्या (यूएसबी केबलमधल्या चिपच्या) पोटातली काही अक्षरं पुढे निघून जातात. फानुक दहा अक्षरांपर्यंत सहन करतो, त्यापुढे ०८७ चा अलार्म, बफर ओव्हरफ्लो. बॉड रेट (पाठवण्याचा वेग) उतरवून, ड्रायव्हरमधला लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंदांवरून कमी करून हे बहुतेक वेळा आटोक्यात येतं. बोर्डावरच्या खऱ्या पोर्टची सर नाही, पण डुलणाऱ्या कार्डापेक्षा शंभरदा बरं. एक सांगायचं राहिलं: स्लॉट असो वा यूएसबी, मशीनची केबल लावताना लॅपटॉपचा चार्जर काढलेला असू द्या. अर्थिंगमधल्या फरकाने पोर्ट जळतात, कधी लॅपटॉपचा, कधी मशीनचा.

आणि केबल लागतेच का, हेही बघा. मशीनचा कंट्रोल फानुक ०आय किंवा १८आय मॉडेलचा असेल तर स्क्रीनशेजारच्या झाकणामागे बहुधा मेमरी कार्डाचा स्लॉट असतो. ॲडॉप्टरमध्ये सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड घाला, कंट्रोलच्या पॅरामीटर २० मध्ये ४ टाका, आणि लॅपटॉप टेबलावरच राहू द्या. त्या स्लॉटच्या पिना मात्र नाजूक आहेत आणि वाकल्या तर खर्च लॅपटॉपपेक्षा मोठा येतो. ॲडॉप्टर मशीनमध्येच बसवून ठेवा, ऑपरेटरने सीएफ कार्ड तेवढं काढावं-घालावं.